दुसऱ्याच्या नावाची खिडकी

शुक्रवारची संध्याकाळ. चांगी बिझनेस पार्कातले निम्मे लोक एक्स्पो स्टेशनाकडे निघालेले आणि उरलेले चांगी सिटी पॉइंटमध्ये खाण्याच्या रांगेत. मी कोपी-ओ-कोसाँग (म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची, आपल्याकडे काढा म्हणून देतील अशी कॉफी) घेऊन बसलो होतो. समोर बार्शीचा एक मुलगा. मुलगा म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी इथे आला, डेटाबेसचं काम करतो, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून अधूनमधून माझ्या टेबलावर येऊन बसतो.

त्या दिवशी स्वारी खुशीत होती. सरावासाठी त्यानं स्वतःच्या लिनक्सवर ओरॅकलचा डेटाबेस टाकायला घेतला होता. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा डेटाबेस आपल्या नावानं टाकायचा नसतो. त्यासाठी 'ओरॅकल' नावाचा वेगळा युजर बनवायचा आणि त्याच्या नावानं इन्स्टॉलर चालवायचा. आता इन्स्टॉलर आहे खिडक्या-बटणांचा. आपण लॉगिन केलेलं असतं स्वतःच्या नावानं, मग 'एसयू' करून आपण ओरॅकल होतो, इन्स्टॉलर चालवतो आणि स्क्रीनवर उमटतं, डिस्प्ले उघडता येत नाही. गेली पंचवीस-तीस वर्षं डेटाबेसवाल्यांची प्रत्येक पिढी या एका वाक्यापाशी अडली आहे.

यानं काय केलं? जे सगळे करतात तेच. इंटरनेटवर शोधलं, पहिलं उत्तर उचललं आणि टाइप केलं: 'एक्सहोस्ट प्लस'. खिडकी उघडली.

"चाललं ना दादा! आता काय प्रॉब्लेम?"

प्रॉब्लेम या 'चाललं ना' मध्येच आहे, आणि आजचा लेख त्यावरच आहे. थोडं तांत्रिक होईल, पण कॉम्प्युटरवाल्यांखेरीज इतरांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं. का, ते शेवटी कळेल.

आधी हे प्रकरण आहे काय ते बघू. युनिक्सच्या जगात स्क्रीनवर खिडक्या काढायचं काम वर्षानुवर्षं 'एक्स विंडो सिस्टिम'कडे होतं. १९८४ साली एमआयटीत ती सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ च्या सप्टेंबरात आली. ती इतकी टिकली की अजूनही लोक तिला 'एक्स इलेव्हन' म्हणूनच ओळखतात. यात स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस यांचा ताबा एकाच प्रोग्रॅमकडे असतो, तो म्हणजे एक्स सर्व्हर. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे अर्ज करतात: मला एक खिडकी द्या, इथे हे अक्षर काढा, या खिडकीत काही टाइप झालं तर मला कळवा.

मग सर्व्हरनं अर्ज कुणाचा घ्यायचा? याच्या दोन जुन्या पद्धती. पहिलीत फक्त विचारायचं, 'कुठून आलात?' अमुक मशिनवरून आलेल्या सगळ्यांना आत घ्या, असं 'एक्सहोस्ट'नं सांगता येतं. पुढे नाव न लिहिता नुसतं अधिक चिन्ह दिलं, तर कुणालाच काही विचारू नका. दुसरी पद्धत कुकीची. लॉगिन केल्यावर १२८ बिटांचा एक गुप्त आकडा तयार होतो आणि तो आपल्या घरच्या फोल्डरात एका लपवलेल्या फाइलीत ठेवला जातो. ती फाइल फक्त आपल्यालाच वाचता येते. प्रोग्रॅम तो आकडा दाखवतो आणि आत येतो. 'एसयू' करून आपण दुसरे झालो की घर बदलतं, त्या घरात ती फाइल नसते, म्हणून दार उघडत नाही. म्हणजे बार्शीकरांना जी चूक वाटली, ती चूक नव्हतीच. पहारेकरी आपलं काम करत होता. यांनी त्याला घरी पाठवून दिलं.

पूर्वी तर हे आणखी मजेशीर होतं. एक्स सर्व्हर नेटवर्कवरही कान लावून बसायचा, ६००० नंबरच्या पोर्टावर. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कुणीतरी 'एक्सहोस्ट प्लस' करून चहाला जायचा आणि परत येतो तर स्क्रीनवर झुरळं! 'एक्सरोच' नावाचा प्रोग्रॅमच होता. खिडकी हलवली की खालची झुरळं पळत दुसऱ्या खिडकीखाली लपायची. आम्ही पोट धरून हसायचो. ज्याला दुसऱ्याच्या स्क्रीनवर झुरळं सोडता येतात, त्याला त्या स्क्रीनवर चाललेलं सगळं वाचताही येतं, हा विचार तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

आणि मुद्दा तोच आहे. सांगली-मिरजेकडचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजा भक्कम, अडसर, कडी सगळं जागच्या जागी. पण एकदा आत आलात की खोल्यांना दारंच नाहीत. एक्स तसा आहे. ज्याला सर्व्हरनं आत घेतलं त्याला फक्त स्वतःची खिडकी मिळत नाही, सगळा वाडा मिळतो. तो दुसऱ्या खिडकीत दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकतो, अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढू शकतो, आणि आपण दाबल्याच नाहीत अशा कळा आपल्या नावानं दाबूही शकतो.

म्हणून 'दुसऱ्या युजरच्या नावानं खिडकीवाला प्रोग्रॅम कसा चालवावा' हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. माणसं हे दोन उलट कारणांसाठी करतात. एक तर आपल्यापेक्षा ताकदवान युजर हवा असतो, म्हणजे रूट होऊन डिस्कचे भाग पाडायचे असतात. नाही तर आपल्यापेक्षा दुबळा युजर हवा असतो. एखादा प्रोग्रॅम भरवशाचा वाटत नाही, म्हणून तो वेगळ्या, काही हक्क नसलेल्या युजरच्या नावानं चालवायचा, म्हणजे तो आपल्या फाइलींना हात लावणार नाही. दोन्ही वेळा एक्सवर फसगत होते. पहिल्या प्रकारात रूटची खिडकी आपल्या स्क्रीनवर असते आणि शेजारचा कुठलाही टुकार प्रोग्रॅम तिच्यात कळा दाबू शकतो. थोडक्यात, रूटची ताकद त्याच्याही हातात गेली. दुसऱ्या प्रकारात तो परका प्रोग्रॅम फाइल उघडू शकत नाही हे खरं, पण शेजारच्या खिडकीत आपण टाइप केलेला पासवर्ड आरामात ऐकतो. फाइलींना कुलूप आणि कळा उघड्यावर.

यावर तोडगे निघाले नाहीत असं नाही. १९९६ साली एक्समध्ये एक सुरक्षेची जोड आली. प्रोग्रॅमला 'अविश्वासू' म्हणून आत घ्यायचं, म्हणजे त्याला इतरांचं काही दिसणार नाही. एसएसएचनं मोठा एक्स वापरून जोडलं की मूळ हेतू हाच. पण अशा पाहुण्याला वागवताना बरेच प्रोग्रॅम अडखळतात. म्हणून मोठ्या वायचा पर्याय आला, म्हणजे 'हा घरचाच, येऊ द्या'. लोक वाय वापरायला लागले. डेबियनवाल्यांनी तर एक्सलाही वायसारखंच वागवायचं ठरवलं, का तर लोकांची कामं अडतात. चाललं ना!

आता थोडं आजूबाजूला बघतो. बिझनेस पार्क हे नाव ऐकून बागबिगिचा डोळ्यांसमोर येत असेल तर सांगतो, इथे मोठमोठ्या बँकांचं मागच्या खोलीतलं काम चालतं. विमानतळ एका स्टेशनावर, डोक्यावरून विमानं जातात आणि खाली आमच्यासारखे लोक कुणाच्या तरी पैशांची नोंद ठेवणारी मशिनं सांभाळतात. आपली माणसं इतकी की स्थानिक लोक चेष्टेनं याला 'चेन्नई बिझनेस पार्क' म्हणतात. (ती चेष्टा नेहमीच प्रेमाची असते असं नाही. असो, तो वेगळा विषय.) सिंगापूरचं चलन प्राधिकरण, मास, बँकांच्या तंत्रज्ञानाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढतं. २०१३ च्या तत्त्वांत आतल्या सुरक्षेची तीन मूलभूत सूत्रं दिली होती. कळीचं काम एकट्यानं करायचं नाही. एकाच माणसाकडे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे सगळे हक्क द्यायचे नाहीत. आणि कामापुरताच प्रवेश द्यायचा.

इथल्या इमारतीत पाहुणा आला तर त्याला पास मिळतो तो एका मजल्याचा. लिफ्टमध्ये दुसरं बटण दाबलं तर ते पेटत नाही. दार उघडल्यावर मागचा माणूस आपल्या पासावर आत घुसू नये म्हणून आपणच वळून बघायचं, आणि ओळखीचा असला तरी 'तुझा पास लाव' म्हणायचं. आपल्याला हे फार जड जातं. शेजारी टेबल, एकत्र जेवतो, आणि याला कसं म्हणू पास लाव? पहिले सहा महिने मी म्हणायचो नाही. आता म्हणतो, आणि कुणाला राग येत नाही.

मग हेच लोक मशिनसमोर बसल्यावर 'एक्सहोस्ट प्लस' का करतात? कारण मशिनचं दार दिसत नाही. आणि उघडं टाकलेलं दार आपोआप बंदही होत नाही. लॉगआऊट होईपर्यंत किंवा उणे चिन्ह देऊन परवानगी काढून घेईपर्यंत ते तसंच राहतं. अधिक चिन्ह सगळ्यांना पाठ असतं. उणे चिन्ह टाइप करणारा मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका पाहिला.

बार्शीकरानं अर्थातच वाद घातला. "दादा, हा माझा घरचा लॅपटॉप. त्यावर मी एकटा. ओरॅकल युजर पण मीच, रूट पण मीच. मग चोरणार कोण?"

वाद अगदीच चुकीचा नाही. आता बहुतेक एक्स सर्व्हर नेटवर्कवर ऐकतच नाहीत (२०१५ पासून मूळ सॉफ्टवेअरमध्येच ते बंद केलंय), त्यामुळे झुरळंवाले बाहेरून येणार नाहीत. एकट्याच्या लॅपटॉपवर धोका लहान, हे मला मान्य. पण हात सवयीनं चालतात. घरी जे बोटांना लागलं तेच सोमवारी ऑफिसात रात्री अकराच्या डेडलाइनला टाइप होतं. दुसरं म्हणजे योग्य पद्धत काही अवघड नाही, फक्त थोडी अक्षरं जास्त. त्याच एक्सहोस्टला पुढे युजरचं नाव देता येतं: या मशिनवरचा 'ओरॅकल' नावाचा युजर, फक्त तो. किंवा 'एक्सऑथ'नं आपली कुकी काढून त्या एका युजरला द्यायची. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे खिडकी उघडायचीच नाही. ओरॅकलचा इन्स्टॉलर उत्तरांची फाइल आधी लिहून देऊन गुपचूप, खिडकीशिवाय चालवता येतो. दहापैकी नऊ वेळा दुसऱ्याच्या नावानं खिडकी उघडायची गरजच नसते. आपल्याला बटणं दाबायची सवय झालेली असते, एवढंच.

खिडकीला सगळे हक्क द्यायची एक शिक्षा तर अनेकांनी भोगली आहे. जुन्या उबुंटूवर खिडकीवाला प्रोग्रॅम नुसता 'सुडो' लावून चालवला की घर आपलंच राहायचं पण लिहिणारा रूट. कुकीची फाइल रूटच्या मालकीची होऊन बसायची. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बरोबर टाकला तरी स्क्रीन एकदा मिचकावायची आणि परत पासवर्ड मागायची. स्वतःच्याच घराबाहेर आपण!

तुम्ही म्हणाल, नव्या जमान्यात काही सुधारलं की नाही? सुधारलं. २००८ मध्ये वेलँड सुरू झालं, ते हे वाड्याचं प्रकरण मुळातून बदलायला. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला आपली खिडकी दिसते, शेजारची नाही. २०१६ च्या शेवटी फेडोरानं ते नेहमीसाठी आणलं आणि काय आरडाओरडा झाला! डिस्कचे भाग पाडणारा जीपार्टेड, जो पूर्ण रूट म्हणून चालायचा, तो उघडेना. लोकांनी शिव्या घातल्या, सवयीनं जुनीच कमांड शोधली. पुढे जीपार्टेडनंच सोय केली, की सुरू होताना फक्त रूटला परवानगी द्यायची आणि बंद होताना ती काढून घ्यायची. म्हणजे उणे चिन्ह टाइप करणारा शेवटी एक प्रोग्रॅम निघाला.

पण मला जे पटलंय ते याच्याही पुढचं आहे. खिडकी ज्याची त्याच्याच नावानं चालावी. तिच्यातल्या ज्या एका कामाला मोठा हक्क लागतो, तेवढंच काम एका छोट्या, वेगळ्या प्रोग्रॅमनं रूट म्हणून करावं, आणि ते करण्याआधी विचारावं. पोलकिट नावाची व्यवस्था यासाठीच आहे. तुम्ही वेळ बदलायला जाता, पासवर्ड मागितला जातो, तो तेवढ्या कामापुरता. यातही भोकं निघतात. याच पोलकिटच्या 'पीकेएक्झेक'मध्ये एक भोक २००९ पासून होतं आणि ते उघडकीला आलं थेट जानेवारी २०२२ मध्ये. बारा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. तरीही मी म्हणेन, एका कामाचा हक्क देणाऱ्या दारात भोक निघालं तर ते बुजवता येतं. सगळ्यांना उघडं असलेल्या दारात बुजवणार काय?

हे सगळं मी त्याला फार शहाण्यासारखं सांगितलं. मग घरी येताना गाडीत माझं मलाच हसू आलं नाही, लाज वाटली. त्याचं कारण आता सांगतो.

माझे वडील सांगलीत असतात. आई गेल्यावर एकटेच. बँकेचं, विजेच्या बिलाचं, गॅसचं सगळं ऑनलाइन करायचं मी ठरवलं आणि ते करायचो मीच, इथून. त्यांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन दुरून चालवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. माझ्या रविवारच्या सकाळी मी फोन करायचो. "बाबा, कॉम्प्युटर लावा. स्क्रीनवर आकडा आला का? वाचा." ते वाचायचे. मी सिंगापुरात बसून त्यांच्या नावानं बँकेत शिरायचो. मोबाइलवर ओटीपी यायचा. "बाबा, आता मेसेज आलाय बघा, त्यातले सहा आकडे सांगा." ते चष्मा लावून एकेक आकडा सावकाश सांगायचे. असं आम्ही चार वर्षं केलं. दुसऱ्या युजरच्या नावानं खिडकीवाला प्रोग्रॅम चालवणं म्हणतात ते हेच, फक्त दोन देशांत पसरलेलं.

२०२३ च्या पावसाळ्यात त्यांना एक फोन आला. बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, खातं बंद होईल. त्यानं मोबाइलवर एक अ‍ॅप टाकायला सांगितलं, स्क्रीनवरचा आकडा वाचायला सांगितला, मग मेसेजमधले सहा आकडे. बाबांनी सगळं बिनचूक केलं. अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले.

चार दिवस त्यांनी मला सांगितलं नाही. रविवारी मी नेहमीसारखं "आकडे वाचा" म्हणालो तेव्हा ते गप्प झाले. मग सांगितलं. मी चिडलो. परदेशातला मुलगा फोनवर चिडतो तसा, मोठ्यानं. "बाबा, कुणालाही आकडे सांगायचे नसतात हे किती वेळा सांगितलंय!"

ते म्हणाले, "अरे, तूही तेच विचारतोस की. त्यानं अगदी तुझ्यासारखंच विचारलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. १९३० वर तक्रार केली. पण त्या नंबरावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात आणि आमचे चार दिवस गेले होते. पैसे आले नाहीत. पैशाचं दुःख त्यांनी माझ्यापेक्षा लवकर विसरलं असावं. मी त्यांना चार वर्षं दर रविवारी सराव दिला होता की फोनवर आवाज आला, घाई दिसली की पहारेकऱ्याला घरी पाठवायचं. पहारेकरी त्यांच्या मोबाइलवर येऊन सांगत होता, हा आकडा कुणालाही देऊ नका. 'कुणालाही'ला अपवाद मी केला. एकदा अपवाद झाला की अधिक चिन्हापुढे कुणाचं नाव उरत नाही.

आता आम्ही रीत बदलली आहे. बँकेत रीतसर अधिकारपत्र देऊन माझ्या बहिणीला, ती मिरजेत असते, त्यांच्या खात्यावर व्यवहार करायचा हक्क दिला. ती स्वतःच्या नावानं सही करते. बिलं मी माझ्या खात्यातून, माझ्या नावानं भरतो. बाबांच्या कॉम्प्युटरवरचं ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. आणि एक नियम: मी जरी विचारले तरी आकडे सांगायचे नाहीत. मध्यंतरी मी मुद्दाम विचारून पाहिलं. "बाबा, मेसेज आलाय का, जरा आकडे सांगा." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मिळणार नाहीत. तुला हवे तर इथे येऊन बघ." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तुमच्यापैकी अनेकांची मुलं बाहेर आहेत, किंवा तुम्हीच कुणाचा तरी पासवर्ड डायरीत लिहून ठेवलाय. पिग्मीवाल्याला कोऱ्या स्लिपवर सही करून देणारे, साहेबांच्या लॉगिननं त्यांचीच फाइल मंजूर करणारे, आईच्या एटीएमचा नंबर पाठ असलेले, सगळे आपलेच. हेतू चांगलाच असतो. काम अडू नये एवढंच. पण मदत करायला दुसऱ्याचं नाव घालून बसायची गरज नसते. आपल्या नावानं, एका कामापुरता हक्क मागून घेता येतो. थोडी खटपट पडते. पडू द्या.

सोमवारी बार्शीकर लिफ्टपाशी भेटला. म्हणाला, "दादा, उणे चिन्ह टाकलं." मी त्याला म्हटलं, छान, आता पास लाव, मागे लाइन लागलीये.